नवं व्हर्जन घ्यायचं का? उत्तर इतिहासात आहे

साकीनाक्यातल्या एका खोलीत मी लॅपटॉपवर गाणी बनवतो. म्युझिक सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की मित्रांचा एकच प्रश्न असतो, "घेतलंस का?" आज त्याचं उत्तर इतिहासात शोधूया.

२००२ मध्ये अ‍ॅपलने जर्मनीची इमॅजिक कंपनी विकत घेतली आणि तिच्या 'लॉजिक'चं विंडोज व्हर्जन बंद केलं. विंडोजवाले जुन्या व्हर्जनवरच अडकले. २०१९ मध्ये मॅकवर कॅटलिना आली आणि ३२-बिट प्लगइन चालेनासे झाले. माझ्या २०१७ च्या एका प्रोजेक्टमध्ये आजोबांचं भजन आहे. ते आता नाहीत. त्यांचा आवाज फाइलमध्ये आहे, पण मागचा पखवाज अशाच ३२-बिट प्लगइनचा आहे.

बेल्जियमच्या एफएल स्टुडिओची गोष्ट वेगळी. एकदा विकत घेतलं की पुढची व्हर्जन फुकट. तिथे प्रश्न पैशाचा नसतो. जुनं गाणं तसंच वाजेल का, एवढाच असतो.

बरं, नवं नसलं तर काम अडतं का? आपल्या शेजारच्या कुर्ल्याच्या नेझीने २०१४ चं 'आफत' आयपॅडवर केलं होतं.

म्हणून माझा नियम सोपा आहे. गणपतीच्या तोंडावर अपडेट नाही. आधी प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढायची, मिडीही ठेवायची. १९८३ ची मिडी आजही चालते. मगच नवं व्हर्जन टाकायचं. आजोबांचा पखवाज मी आज रात्रीच काढून ठेवतोय. तुम्हीही एक जुना प्रोजेक्ट उघडून बघा!