फर्दापूरचे पाहुणे

लेण्यांना नाव मिळाले अजिंठ्याचे, पण लेणी अजिंठ्यात नाहीत. अजिंठा गाव घाटाच्या माथ्यावर, सिल्लोड तालुक्यात. लेणी मात्र घाटाखाली वाघूर नदीच्या वळणात, सोयगाव तालुक्यात. अगदी जवळची वस्ती लेणापूर, आणि मुक्कामाचे गाव फर्दापूर. बऱ्हाणपूर-औरंगाबाद वाटेवरच्या या गावात मोगलांच्या काळात सराई बांधली गेली होती. वाटसरूला छप्पर देणे हे फर्दापूरचे जुने काम. गेल्या दोनशे वर्षांत जगभरातून जे पाहुणे लेण्यांकडे आले त्यांतले कितीतरी याच गावी उतरले, आणि कीर्ती तेवढी घाटमाथ्याला गेली. असो.

परदेशी पाहुण्याचे या दरीला कधी नवल वाटले नसावे. पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या घातलेले, पायमोजे चढवलेले दाढीवाले लोक हातात पेला घेऊन ऐसपैस बसले आहेत. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या एका चित्रावरून फर्ग्युसनसाहेबाने एके काळी असा तर्क लढवला की इराणच्या खुस्रोचा वकील चालुक्य पुलकेशीच्या दरबारी आला, तो हा प्रसंग. हे लेणे वाकाटक हरिषेणाच्या काळचे, म्हणजे पाचव्या शतकातले, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात; पुलकेशी सातव्यातला. तेव्हा तो तर्क टिकला नाही. पण छतावरचे ते टोपीवाले खुशाल आहेत. दूरदेशीचा माणूस आला, बसला, प्याला, आणि आमच्या चित्रकाराने त्याच्या मोज्यांच्या नक्षीकडेसुद्धा लक्ष दिले, एवढे त्यावरून निश्चित कळते.

इंग्रज पाहुण्यांची सुरुवात काही फारशी सभ्य झाली नाही. मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ २८ एप्रिल १८१९ रोजी दहाव्या लेण्यात शिरला आणि रंगवलेल्या खांबावर आपले नाव व तारीख कोरून गेला. ते नाव आज माणसाच्या डोक्याहून वर दिसते, कारण तेव्हा लेण्यात पुरुषभर माती साचली होती. पाहुण्याने यजमानाच्या भिंतीवर सही करण्याचा हा प्रकार पुढे आपल्या लोकांनीही मनापासून उचलला, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर १८४४ साली नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल आला तो परत गेलाच नाही. अजिंठ्याच्या बारादरीत राहिला आणि १८७९ साली वारल्यावर भुसावळच्या मातीत निजला. त्याची पारो १८५६ साली गेली. तिची कबर अजिंठ्याला आहे. या दोघांची कहाणी पुढे सोयगाव तालुक्यातल्याच पळसखेड्याच्या कवीने, ना. धों. महानोरांनी, काव्यात आणली, तेव्हा ती इथे पुन्हा सांगत नाही. गिलची बहुतेक चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत गेली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन १८७२ पासून अनेक हिवाळे येथे खपले. त्यांच्याही बऱ्याच नकला १८८५ साली साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. चित्रे उजळून दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर वार्निश फासले गेले ते मात्र जळाले नाही. ते भिंतींवरच पिवळे पडत राहिले.

या सगळ्या पाहुण्यांत मला विशेष वाटते ती लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. १९०९ च्या डिसेंबरात फर्दापूरला तिचे तंबू पडले तेव्हा तिचे वय सत्तावन्न होते. ही नुसती हौशी मडम नव्हे. इटलीच्या चेन्निनो चेन्निनीचा चित्रकलेवरचा जुना ग्रंथ तिने १८९९ साली इंग्रजीत आणला होता. अंड्याच्या बलकात रंग कसे कालवावेत, ओल्या गिलाव्यावर ते कसे चढवावेत, हे तिने स्वतःच्या हाताने करून पाहिले होते. १९०६ साली नवऱ्याबरोबर ती लेणी पाहून गेली, आणि भिंती दरवर्षी झडत आहेत हे तिच्या मनातून जाईना. पुन्हा आली ती नकला उतरवून घेण्याच्या निश्चयानेच. तिच्याबरोबर मिस लार्चर आणि मिस ल्यूक या दोन इंग्रज चित्रकर्त्या होत्या. निजाम सरकारच्या मुलखातून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन काझी हे चित्रकार मिळाले. आणि कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य आले. नंदलाल बसू सत्तावीस वर्षांचे, असितकुमार हालदार तर विशीच्याही आतले. मागाहून समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरकडचे वेंकटप्पा येऊन मिळाले.

आता त्या महिन्याकडे जरा पाहा. बंगालची फाळणी होऊन चार वर्षे झाली होती आणि बंगाली तरुण म्हटला की इंग्रज अधिकाऱ्याच्या कपाळाला आठी पडत होती. त्याच डिसेंबरच्या २१ तारखेला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोळी झाडणारा अनंत कान्हेरे औरंगाबादेत शिकणारा विद्यार्थी. म्हणजे ज्या जिल्ह्यातून तो मुलगा पिस्तूल घेऊन निघाला, त्याच जिल्ह्याच्या एका टोकाला एक इंग्रज सरदारीण, दोन मडमा, दोन मुसलमान चित्रकार आणि बंगालचे दोन पोरगेले तरुण एका भिंतीपुढे शिडीवर उभे होते. भगिनी निवेदिता आणि जगदीशचंद्र बसू हेही त्या मोसमात लेण्यांत येऊन गेले. हे एकत्र बसणे त्या दिवसांत सोपे नव्हते. राज्यकर्ता आणि प्रजा हे नाते तंबूच्या दारात काढून ठेवता येते असे मी म्हणणार नाही. कामाची मालकीण कोण आणि मदतनीस कोण हे ठरलेलेच होते. तरी काम असे होते की त्यात मालकिणीचे काही चालत नसे. लेण्यांत उजेड बेताचा, वटवाघळांची घाण, छताला आग्यामोहोळे. अशा अंधारात हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने बोटाची मुद्रा एका दमात कशी ओढली हे हाताला कळावे लागे. तिथे कलकत्त्याच्या पोरांचा हात पुढे होता. मसाल्याचे, गिलाव्याचे, रंगाच्या थरांचे ज्ञान बाईंचे. रेषेचे ज्ञान त्यांचे. दोन्ही बाजूंनी खरोखर देणे आणि घेणे झाले. हिवाळा संपला तशी मंडळी पांगली, आणि पुढच्या हिवाळ्यात बाईंनी पुन्हा फर्दापुरास तळ दिला.

या नकला १९११ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्येच मांडल्या गेल्या. या वेळी आग लागली नाही. १९१५ साली इंडिया सोसायटीने त्यांचे पुस्तक काढले. ते निघाले तेव्हा बाईंना त्याचे सुख भोगता येत नव्हते. १९११ साली मायदेशी परतताच त्यांचे मन ढळले आणि १९२९ साली मरेपर्यंत त्या त्यातून सावरल्या नाहीत. बाकीच्यांचे पाहावे तर हालदार लखनौच्या कलाशाळेचे प्रमुख झाले, गुप्त लाहोरच्या. सय्यद अहमद लेण्यांचेच क्युरेटर होऊन इथेच राहिले. नंदलालबाबूंनी शांतिनिकेतनच्या भिंती रंगवल्या, आणि पुढे भारताच्या संविधानाची पाने सजवण्याचे काम आले तेही त्यांच्याच आणि त्यांच्या शिष्यांच्या हाती.

नंदलालबाबूंच्या ओळखीचा एक पाहुणा पुढे आला तो जपानहून. १९१६ साली रवींद्रनाथ जपानला गेले तेव्हा त्यांनी अराई काम्पो या चित्रकाराला कलकत्त्याला बोलावून घेतले. ठाकुरांच्या वाड्यातल्या 'विचित्रा' शाळेत तो जपानी कुंचला शिकवी. १९१७-१८ च्या हिवाळ्यात सावामुरा सेन्तारो या कलापंडितासह आणि आणखी काही जपानी चित्रकारांसह तो अजिंठ्याला आला आणि महिनोन्‌महिने नकला करीत राहिला. जपानी माणसाला ही लेणी परकी का वाटावीत? नाराजवळच्या होर्यूजी देवळाच्या सुवर्णगृहात भिंतींवर बोधिसत्त्व रंगवलेले होते, आणि त्यांचा वंश कोठून निघाला हे शोधत जावे तर वाट चीनमधून, वाळवंटातून, शेवटी या वाघूरच्या वळणाशीच येते. ज्या घराचे आजोळ कधी पाहिलेच नाही त्या घरचा मुलगा आजोळी यावा, तसे हे येणे होते.

त्यांनी नेलेल्या नकला टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या भूकंपानंतर जी आग पेटली तीत त्या गेल्या. अजिंठ्याच्या नकलांच्या कुंडलीत अग्नीचे घर फारच बलवान दिसते.

त्या सुमारास फर्दापूरच्या वाटेने आणखी दोघे आले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन जाणत्यांना भिंती वाचवण्यासाठी बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा जागच्या जागी धरून ठेवला हे त्यांचे मोठे उपकार. वर लाखेचा हात दिला तो मात्र पुढे काळवंडला, आणि तो उतरवण्यात आमच्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांची पुष्कळ वर्षे गेली.

अराई काम्पो मायदेशी म्हातारा झाला. होर्यूजीच्या भिंती कधी नष्ट होतील याचा नेम नाही म्हणून जपान सरकारने १९४० मध्ये त्यांच्या नकला करण्यास सुरुवात केली, तेव्हा त्या कामावर त्याला नेमले. मूळ भिंत, अपुरा उजेड, समोर कागद: फर्दापूरचा हिवाळा त्याला आठवला नसेल असे म्हणवत नाही. युद्ध चालू असतानाही काम थांबले नव्हते. १९४५ च्या एप्रिलमध्ये तो होर्यूजीला निघाला आणि वाटेतच, कोरियामा स्टेशनात, हृदयविकाराने गेला. २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे सुवर्णगृहाला आग लागली. या वेळी मूळ चित्रे जळाली, आणि होर्यूजीत त्यांच्या नकला उरल्या.

जपानशी आलेला हा संबंध पुढच्या पिढ्यांत निराळ्या रूपाने परत आला. १९९२ च्या सुमारास जपानने दिलेल्या कर्जातून लेण्यांच्या जतनाची व रस्त्यांची कामे निघाली. त्यातूनच लेण्यांच्या वाटेवर, फर्दापुराजवळ, पर्यटक केंद्र उभे राहून २०१३ साली उघडले. आत काय मांडले होते? पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांच्या नकला. हेरिंगहॅमबाईंचे तंबू पडले होते ते गाव तिथून हाकेच्या अंतरावर आहे.