जीवाणूंची गणपूर्ती

गणपूर्ती झाल्याशिवाय सभेत ठराव होत नाही. जीवाणूही असाच नियम पाळतात, हे विज्ञानाला उशिरा कळले.

समुद्रातील काही जीवाणू प्रकाशतात. पोषकद्रवात सोडल्यावर त्यांची संख्या लगेच वाढू लागते; प्रकाश मात्र काही तासांनी एकाएकी वाढतो. असे का? पोषकद्रवातच प्रकाशाला रोखणारा पदार्थ असावा व जीवाणू तो संपवत असावेत, असे एक मत होते. १९७० साली अमेरिकेत निल्सन, प्लॅट व हेस्टिंग्ज यांनी निराळे मत मांडले. जीवाणू स्वतःच एक पदार्थ बाहेर सोडतात. तो पुरेसा साचला की प्रकाश देणारी यंत्रणा सुरू होते. जीवाणू वाढवून काढून घेतलेल्या द्रवात ताजे जीवाणू सोडले, तर ते लवकर प्रकाशत. पण हा प्रयोग दोन्ही मतांशी जुळतो, हे चाणाक्ष विद्यार्थी ओळखेल. पदार्थच हाती यायला हवा होता. १९८१ साली व्हिब्रिओ फिशेरी या जीवाणूच्या संदेश-रेणूची रचना उलगडली.

तरीही ही समुद्री जीवाणूंचीच खासियत समजली जाई. पुढे भाजलेल्या जखमांत व रोगट फुप्फुसांत ठाण मांडणाऱ्या स्यूडोमोनास एरुजिनोसामध्ये त्याच कुळातले रेणू सापडले. आपली संख्या पुरेशी होताच हा जीवाणू विषे सोडतो. चिकट थराआड दाटीने राहणाऱ्या त्याच्या वसाहतीवर प्रतिजैविकांचा प्रभाव फारच कमी पडतो. १९९४ साली या प्रकाराला ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मिळाले.

मग जीवाणू मारण्याऐवजी त्यांचा संवादच तोडला तर? निसर्गाने हे आधीच केले होते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील डेलिसिया पुल्क्रा हे तांबडे शैवाल फ्युरॅनोन नावाची संयुगे बनवते. ती जीवाणूंच्या संदेशात अडथळा आणतात, हे १९९६ साली दिसले. २००३ साली तशाच एका कृत्रिम संयुगाने उंदरांच्या फुप्फुसातील संसर्ग लवकर आटोक्यात आला.

परंतु फ्युरॅनोन माणसाला देण्याजोगे नाहीत. ते विषारी ठरतात. शिवाय स्टॅफिलोकोकस ऑरियसचा संवाद तोडला, तर विषे घटतात, पण चिकट थर उलट वाढू शकतो! म्हणूनच केवळ या तत्त्वावर बनवलेले औषध अद्याप नेहमीच्या उपचारात आलेले नाही. शत्रूची भाषा कळली. पण प्रत्येक शत्रूला गप्प करणे हिताचेच असते, असे नाही.