दिनविशेष, २१ ऑक्टोबर : पूर्व खान्देशचा जळगाव झाला

२१ ऑक्टोबर १९६० रोजी पूर्व खान्देश जिल्ह्याचे नाव बदलून जळगाव झाले. महाराष्ट्र राज्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. १९०६ मध्ये अखंड खान्देशाचे दोन तुकडे करताना दिलेले नाव ५४ वर्षांनी सरकारी व्यवहारातून गेले.

कागदांतून मात्र ते गेलेले नाही. जळगावजवळच्या नशिराबादच्या एखाद्या शेतकऱ्याने वारसनोंदीसाठी आजोबांचे खरेदीखत पेटीतून काढले, की तालुक्याच्या नावाशेजारी ‘जिल्हा पूर्व खान्देश’ वाचायला मिळते. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांच्या शाळेची नोंद शोधणाऱ्यालाही हे नाव ठाऊक असावे लागते.

नशिराबादला तर नाव मागे पडण्याचा अनुभव जुनाच. १८८० च्या खान्देश गॅझेटियरमध्ये तालुक्याचे नाव नशिराबाद आहे आणि जळगाव त्यातच येते. रेल्वे आधीच आली होती, जळगावचा कापसाचा बाजार वाढत गेला. तालुका जळगावच्या नावावर गेला, मग जिल्हाही. हा इतिहास इथल्या शाळांत शिकवलाच पाहिजे.

खान्देशाच्या दुसऱ्या तुकड्यात, म्हणजे पश्चिम खान्देशात (नंतरचा धुळे जिल्हा), हद्द पुन्हा हलली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि अक्राणी, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या माणसाचा जिल्हा कचेरीचा फेरा कमी झाला. नुसत्या नामांतरापेक्षा हा बदल कितीतरी मोलाचा.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. १९०६ च्या फाळणीआधीचा खान्देश जवळपास एवढाच होता.