बत्तीस बोअरचं भांडण आणि लॉर्ड लिटनचा कायदा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत वाचा.

आपल्याकडे शस्त्र परवाना असलेली माणसं तशी थोडी. पण त्यातली चार जणं लग्नाच्या मांडवात नाहीतर बाजार समितीच्या आवारात एकत्र आली, की एक वाद हमखास निघतो. एक म्हणतो, घ्यायचं तर रिव्हॉल्व्हरच घ्या, दगा देत नाही. दुसरा म्हणतो, छे, पिस्तूल चपटं असतं, सदऱ्याखाली कळतसुद्धा नाही. तिसरा आजोबांच्या वेळच्या विलायती 'वेब्ली'चं कौतुक लावतो आणि कानपूरच्या मालाला नावं ठेवतो. चौथा हळूच म्हणतो, दादा, ती वेब्ली मला द्या, कानपूरचं कोरं घेऊन देतो आणि वर रोख मोजतो. मग तिसरा चिडतो. "वाडवडिलांची वस्तू आहे, बैल नाही बाजारात उभा करायला!"

पत्रकारितेत इतकी वर्षं गेली, हा वाद किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. ऐकताना एक गोष्ट दर वेळी जाणवते. हे लोक ज्या गोष्टींवरून भांडतात, त्यातली जवळजवळ एकही त्यांनी स्वतः निवडलेली नाही. बोअर कोणता, हत्यारं किती, विलायती महाग का, विकायचं तर कसं, हे सगळं कायद्याने आधीच ठरवून ठेवलंय. आणि त्या कायद्याची गोष्ट दीडशे वर्षं जुनी आहे.

१८७८: एकाच वर्षी दोन कायदे

१८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली होतीच. त्याला पक्कं रूप दिलं व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने, १८७८ च्या शस्त्र कायद्याने. हत्यार बाळगायचं तर परवाना हवा. पण युरोपियनांना सूट. राजेरजवाडे आणि बड्या पदवीवाल्यांनाही सूट. बाकीच्यांनी साहेबासमोर अर्ज घेऊन उभं राहायचं.

याच लिटनने त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा व्हर्नाक्युलर प्रेस अॅक्टही आणला. म्हणजे लेखणी आणि बंदूक, दोन्हींना एकाच वर्षी कुलूप. लेखणीचं कुलूप पुढच्या व्हाइसरॉयने, रिपनने, चार वर्षांत काढलं. बंदुकीचं तसंच राहिलं.

हा अपमान लोकांना चांगलाच झोंबला होता. गांधीजींनी १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात याच कायद्यावर बोट ठेवलं. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेत मात्र तो आला नाही.

आज कंबरेला रिव्हॉल्व्हर लटकवून मिरवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो रुबाब दिसतो ना, त्याचं मूळ मला या १८७८ मध्ये दिसतं. ज्याला सूट तो मोठा, ज्याला परवाना तो मधला, बाकीची रयत. हत्यार हे 'वजनाचं' लक्षण तेव्हापासून झालं. इंग्रज गेला, पण ही सवय ठेवून गेला.

नाशिकचं ब्राउनिंग

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात पिस्तुलाच्या जातीचं नाव लोकांच्या तोंडी आहे ते नाशिकमुळे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, हे त्या खटल्यांतून पुढे आलं. पाच वर्षांनी, ऑगस्ट १९१४ मध्ये, कलकत्त्यात क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीची पन्नास माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं लांबवली.

क्रांतिकारकांना 'ब्राउनिंग की माउझर' असं निवडायला वाव नव्हता. मिळेल ते घ्यायचं. इथे एक तपशील ध्यानात ठेवा. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १८९९ च्या सुमारास लहान पिस्तुलासाठी एक काडतूस तयार केलं होतं, ७.६५ मिलिमीटरचं. आजही आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला पिस्तूल घ्यायचं तर बहुतेक वेळा याच काडतुसाचं मिळतं. आपण त्याला 'बत्तीस' म्हणतो.

बत्तीसच का?

स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्र कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ ला लागू झाला. म्हणजे लिटनचा कायदा ८४ वर्षं टिकला, त्यातली पंधरा आपल्याच राज्यात!

नव्या कायद्याच्या नियमांत एक तत्त्व होतं. लष्कराची आणि पोलिसांची काडतुसं ज्या हत्यारात बसतात, ते हत्यार सामान्य माणसाला नाही. म्हणून .३८० आणि .४५५ ची रिव्हॉल्व्हरं, नऊ मिलिमीटर आणि .४५ ची पिस्तुलं 'प्रतिबंधित बोअर'मध्ये गेली. हेतू सरळ होता, सरकारी कोठारातली गोळी खासगी नळीतून सुटू नये. .२२ सारखे काही बोअर सोडले तर उरलं कोण? बत्तीस.

तेव्हा "आपल्या लोकांना बत्तीसच आवडतं" यात काही तथ्य नाही. ताटात एकच भाजी असली की ती आवडतेच.

बरं, बत्तीस म्हणजे तरी एक नाही. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस वेगळं. ते स्मिथ अँड वेसनचं लांब, बुडाला कड असलेलं काडतूस. पिस्तुलाचं बत्तीस म्हणजे वर सांगितलेलं ब्राउनिंगचं आखूड काडतूस. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. परवान्यावर नुसतं '.३२' वाचून सौदा करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

या वादात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात सहा गोळ्या. एखादी फुसकी निघाली तर घोडा पुन्हा ओढायचा, पुढची समोर येते. महिनोन्महिने कपाटात पडून राहिलेल्या हत्याराला हा गुण मोठाच. पिस्तूल चपटं, गोळ्या थोड्या जास्त, भरायला झटपट. पण गोळी अडकली तर ती सोडवायची कशी, हे हाताला माहीत असावं लागतं. आणि हाताला माहीत कधी होणार? सराव केला तर. परवान्यावर काडतुसांची संख्या ठरलेली, सरावाची जागा शंभर किलोमीटरवर. त्यामुळे आपल्याकडे वाद घालणाऱ्यांत असे पुष्कळ आहेत, ज्यांनी स्वतःच्या हत्यारातून दहा गोळ्याही झाडलेल्या नाहीत.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. तो प्रकार .२२ चा, बत्तीसपेक्षाही लहान. त्यामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव आहे. मेकवरून तावातावाने बोलणाऱ्यांनी तेवढं लक्षात घ्यावं.

विलायती सोनं

आता वेब्लीवाल्या काकांकडे येऊ. पूर्वी परदेशी राहून परत येणाऱ्याला सामानासोबत एखादं हत्यार आणता यायचं. १९८० च्या दशकाच्या मध्यात तो दरवाजाही सामान्य माणसाला बंद झाला. तेव्हापासून देशात जेवढी विलायती हत्यारं होती तेवढीच राहिली. त्यातली काही गंजली, काही जप्त झाली, उरलेल्यांचा भाव चढत गेला. अमेरिकेत काहीशे डॉलरला मिळणारं जुनं वॉल्थर आपल्याकडे लाखांत जातं. कस्टमने जप्त केलेली विदेशी हत्यारं खासदार आणि बड्या अधिकाऱ्यांना विकली गेल्याची माहिती माहिती अधिकारातून बाहेर आली होती. १८७८ ची सूट आठवते ना?

इकडे १९९० च्या दशकात कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं. कोलकाता परिसरातल्या कारखान्यातून 'अशनी' पिस्तूल आलं. विलायतीवाले त्याला हसायचे, पण परवाना हातात पडलेल्या नव्या माणसाला दुसरं होतं काय?

२०१४ मध्ये कानपूरने 'निर्भीक' आणलं. दिल्लीच्या निर्भयाच्या नावावरून, महिलांसाठी म्हणून, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं. किंमत सव्वा लाखाच्या घरात. तेव्हा महिला कार्यकर्त्यांनी विचारलेला प्रश्न मला आजही रास्त वाटतो. बसने कामाला जाणाऱ्या मुलीला सव्वा लाखाचं हत्यार परवडणार का, आणि तिची सुरक्षा तिच्याच पर्समध्ये टाकून सरकार मोकळं होणार का?

२०१६ च्या नियमांनी खासगी कंपन्यांना वाट मोकळी केली. २०२० मध्ये वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश कंपनीचं नाव उत्तर प्रदेशातल्या हरदोईच्या कारखान्याला लागलं. २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीने 'प्रबल' काढलं. म्हणजे काकांची वेब्ली आता हरदोईचीही असू शकते! 'विलायती विरुद्ध देशी' हे भांडण तिथेच निम्मं संपतं. पण भाव मात्र जुन्यालाच.

सौदा कसा होतो

हत्यार म्हणजे मोटारसायकल नव्हे, पैसे दिले आणि चावी घेतली असं चालत नाही. कायद्याच्या कलम ५ प्रमाणे स्वतःचं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं तर आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. घेणाऱ्याच्या परवान्यावर ते बसलं पाहिजे. अदलाबदल केली तरी दोन्हीकडून हेच.

लोक म्हणतात, बाबूंचा छळ आहे. थोडा आहेही. पण ३० जानेवारी १९४८ आठवा. गांधीजींवर झाडलेलं इटालियन बेरेटा दोनच दिवस आधी ग्वाल्हेरमधून मिळवलेलं होतं, विनापरवाना, हातोहात. हत्यार हातोहात फिरतं तेव्हा ते कुणाच्या हाती थांबेल हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ते ४५ दिवस मला तरी जास्त वाटत नाहीत.

तीनाची दोन

१९५९ च्या मूळ कायद्यात एका माणसाने किती हत्यारं ठेवावीत याला मर्यादा नव्हती. १९८३ मध्ये ती तीन झाली. डिसेंबर २०१९ मध्ये सरकार एकच ठेवायला निघालं होतं. खासदारांनी ओरड केली, मग दोनवर तोडगा निघाला. तिसरं जमा करायला वर्षभराची मुदत मिळाली. वारशाने आलेलं हत्यारही या दोनांत धरायचं.

खरी भांडणं तेव्हा घराघरांत झाली. शेताच्या राखणीची बारा बोअर, आजोबांची वेब्ली आणि स्वतःचं कानपुरी. तिघांतलं कुठलं सोडायचं? देणारे जास्त आणि घेणारे कमी, अशा बाजारात ते विकायचं कुणाला? आठवणीला भाव नसतो, हे पुष्कळ घरांना तेव्हा कळलं.

मग भांडायचं कशावरून?

२०१६ अखेरच्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकड्यांनुसार देशात सुमारे ३३.७ लाख परवाने होते. त्यातले सुमारे १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात एक लाखाच्या आत. आपल्या क्राइमच्या बातम्यांत येतो तो मात्र गावठी कट्टा. जळगावच्या सीमेपलीकडच्या उमर्टीचं नाव पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये किती वेळा वाचलं असेल! त्या कट्ट्याला बोअर नाही, मेक नाही, ४५ दिवस नाहीत.

म्हणून मला वाटतं, वाद बदलायला हवा. वेब्ली की कानपूर हा प्रश्न चार जणांचा. परवाना कुणाला मिळतो हा प्रश्न गावाचा. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याचा अर्ज कलेक्टर कचेरीत किती वर्षं पडून राहतो? आणि ज्याला फक्त बॅनरवरच्या फोटोसाठी हवंय, त्याला किती दिवसांत मिळतो? लिटनच्या काळात सूट गोऱ्या कातडीला होती. आज ती कशाला आहे, हे ज्याने त्याने आपल्या तालुक्याकडे बघून ठरवावं.

ज्यांच्या घरी हत्यार आहे त्यांना तीन गोष्टी. वडील गेले असतील आणि परवाना त्यांच्याच नावावर असेल, तर हत्यार कपाटात ठेवू नका. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करा आणि मग वारस म्हणून अर्ज करा. वरातीत बार काढाल, तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि काडतुसं व हत्यार वेगवेगळ्या कुलपात ठेवा, पोरं घरात असतात.

तुमच्या घरात जुन्या परवान्याची, जमा केलेल्या तिसऱ्या बंदुकीची गोष्ट असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. फक्त परवाना नंबर आणि हत्याराचा फोटो टाकू नका. चोरही फेसबुक वाचतात.