शब्द होता, कागद नव्हता

माणूस गेल्यावर त्याची इच्छा कशावरून ठरवाल? रिसर्चला येण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारून बघा.

15 ऑक्टोबर 1918. दसऱ्याच्या दिवशी शिर्डीत साईबाबांचं निर्वाण झालं. आपल्याला वाड्यात न्यावं, असं ते शेवटी म्हणाल्याची नोंद 'श्रीसाईसच्चरिता'त आहे. हा बुटींचा वाडा, म्हणजेच आजचं समाधी मंदिर. तरीही दफन वाड्यात की मोकळ्या जागेत, यावर वाद झालाच. कोपरगावच्या मामलेदारांनी लोकांची मतं घेतली, तेव्हा कौल वाड्याच्या बाजूने गेला. पुढे 1922 मध्ये कारभाराची योजना अहमदनगरच्या जिल्हा न्यायालयातून आली.

ऐकलेला शब्द आणि लेखी पुरावा यांतला हा फरक. आपल्या घरातही तेच होतं: 'बाबा म्हणाले होते' यावर भावंडं भांडतात. हिंदू कुटुंबांसाठी भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चं कलम 63 सांगतं, मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही.

एकदा लिहून भागत नाही. जमीन विकली, नातवंड आलं की नवं करा. शेवटचं वैध मृत्युपत्रच धरलं जातं. म्हणून लॅबच्या वहीसारखी त्यावरही तारीख हवीच.