तुरीचें गोत्र

लातूरच्या डाळीचा लौकिक मोठा आहे, आणि पानावर वरण वाढलें असतां तूर म्हणजे काय हें कोणी कोणास विचारीत नाहीं. परंतु ही तूर कोणाची कोण लागते, हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांस दोनशें वर्षांहून अधिक काळ पुरला. आणि त्याचा निकाल लागला तेव्हां एक सबंध प्रजाति पुस्तकांतून नाहींशी झाली होती.

१७५३ सालीं लिनिअसनें तुरीस 'सायटिसस' या प्रजातींत बसविलें. फुलांतील केसरांची संख्या व ठेवण पाहून वनस्पतींची सोय लावावयाची, हा त्याचा रिवाज. रक्ताच्या नात्याचा विचार त्यांत नव्हता. १८१३ मध्यें द कँडोल यानें तुरीच्याच दोन जाति केल्या. निव्वळ पिवळ्या फुलांची एक, आणि पाकळीच्या पाठीवर तांबड्या रेघा असलेली दुसरी. नांदेड-लातूरकडील कोणाहि कुणब्यास हें ऐकून हसूं येईल. एकाच रानांत दोन्ही फुलें शेजारींशेजारीं डुलतात, मधमाशा हिच्यावरून उठून तिच्यावर बसतात, आणि त्यांच्या संकराचें बीं बिनतक्रार उगवतें. पुढील शास्त्रज्ञांनीं या दोहोंची एकच जाति केली. 'कॅजॅनस कॅजन' हें तिचें नांव १९०० सालापासून चालत आलें आहे.

खरा वाद निराळाच होता. सह्याद्रींत व अन्यत्र तुरीसारख्या कांहीं रानटी वनस्पति आढळतात. वाइट व आर्नॉट यांनीं १८३४ मध्यें त्यांच्यासाठीं 'अटायलोसिया' ही वेगळी प्रजाति स्थापिली. भेद काय, तर बियाच्या नाभीपाशीं एक मांसल गांठ! ती रानटी जातींस असते, तुरीस नसते. एवढ्या एका गांठीवर दोन घरें दीडशें वर्षें विभक्त राहिलीं. यांत कोणाची थट्टा करण्याचें कारण नाहीं. ज्याच्यापुढें वाळलेली फांदी आणि चार बियाच आहेत, तो हातीं लागेल त्या खुणेवरच निवाडा करणार. त्यांतून आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यांत. कुक यांची १९०१ ते १९०८ या काळांत निघालेली वनस्पतिसूची मुंबई इलाख्याची, तिला या मुलुखाशीं कर्तव्य नव्हतें. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असतांना त्या जिल्ह्याची सूची व्ही. एन. नाईक यांनीं सिद्ध केली, ती १९७९ मध्यें.

तुरीच्या वादांत नवी कसोटी लावण्याचें श्रेय देवडीकर व ठकार यांस आहे. अटायलोसियाच्या उभ्या वाढणाऱ्या दोन जातींशीं त्यांनीं तुरीचा संकर घडवून आणला व १९५६ मध्यें आपलें काम प्रसिद्ध केलें. गुणसूत्रें दोन्हीकडे २२ च. संकरांत तीं जोडीनें जुळलीं, तर कूळ जवळचें. बिनसलीं, तर दूरचें. येथें तीं बहुतांशीं जुळलीं. माणसांत सगोत्र विवाह वर्ज्य मानीत आले. वनस्पतींत मात्र लग्न जमतें तें बहुधा सगोत्रांतच! तथापि लग्न जमणें हीच नात्याची एकमेव खूण मानली तर फसगत व्हावयाची. 'प्लॅटिकार्पस' नांवाची एक रानटी जाति तुरीशीं सहजासहजीं संकर पावत नाहीं, तरी गोत्र तेंच आहे. चुलतभावांचें येणेंजाणें बंद झालें म्हणून आजोबा कांहीं बदलत नाहींत.

अखेर १९८६ मध्यें व्हान डर मेसेन या डच शास्त्रज्ञानें सर्व पुरावा एकत्र मांडून अटायलोसिया मोडीत काढली. नांव जुनें तें टिकावें या नियमानें 'कॅजॅनस' राहिलें, व त्यांत त्यानें ३२ जाति मोजल्या: १८ आशियांतील, १३ ऑस्ट्रेलियांतील, आणि एक पश्चिम आफ्रिकेंतील. तुरीची सख्खी बहीण शोभेल अशी जाति ओडिशा व बस्तरकडील रानांत निघाली. पुढें जनुकद्रव्याच्या तुलनेंतहि हेंच नातें दिसून आलें.

हा केवळ नांवांचा तंटा असता तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. मर रोगानें तूर उभी वाळते, वांझ रोगानें ती फुलतच नाहीं, आणि दोहोंतून वांचली तर अळी शेंगा पोखरते. बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या 'बीएसएमआर ७३६' या वाणानें पहिल्या दोन रोगांपुढें चांगला टिकाव धरला. परंतु लागवडीच्या तुरींत आपसांतील वैविध्य थोडें. घरांत नाहीं तें भाऊबंदांकडे मागावें लागतें. त्या बस्तरकडील बहिणीकडून नरवंध्यत्वाचा गुण मिळाला, आणि त्याच्या आधारें हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संस्थेंत सिद्ध झालेलें संकरित वाण २०१० मध्यें शेतकऱ्यांपुढें आलें.

अळीविरुद्ध आशा आहे ती 'स्कॅराबिऑइडिस' या दुसऱ्या नातेवाइकावर. हा भुईसरपट, केसाळ वेल. रूपानें तुरीशीं कांहीं मेळ नाहीं, तरी तिच्याशीं त्याचा संकर होतो. आणि त्याच्या शेंगांवरील दाट लवेमुळें अळीस तेथें सुखानें चरतां येत नाहीं. भारतांत तो दूरवर पसरला आहे. गुरें तो चवीनें खातात, आणि शेतांत शिरला तर पहिल्याच खुरपणींत तो बाहेर पडतो.