दख्खनच्या प्राचीन खापरांचे शास्त्रीय विश्लेषण : घटकद्रव्ये आणि झीज

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाच्या साधनांमध्ये खापरांचे स्थान वादातीत आहे. जोर्वे (१९५०-५१) येथील उत्खननात मिळालेल्या, तांबड्या पृष्ठभागावर काळी नक्षी असलेल्या भांड्यांमुळे एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस नाव मिळाले. मात्र आकार, रंग व नक्षी नोंदवून आपले प्रादेशिक अभ्यासक बहुधा थांबतात. खापराच्या अंतरंगाचा अभ्यास करताना त्याची घटकद्रव्ये व जमिनीत झालेली झीज यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही, हे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रहिमतपूर ते कऱ्हाड हा कृष्णाखोऱ्याचा भाग बेसॉल्ट खडकाचा आहे. भारहुतच्या दानलेखांत ज्याचा 'करहाकट' असा उल्लेख येतो, त्या कऱ्हाडच्या कुंभारानेही याच खडकापासून बनलेला लोहयुक्त गाळ वापरला असणार. गोदावरी, भीमा व कृष्णा या तिन्ही खोऱ्यांत गाळाचा मूळ खडक बव्हंशी एकच असल्याने, खापर परप्रांतीय आहे हे विश्लेषणाने सांगणे तुलनेने सोपे, पण ते नेमके कोणत्या गावचे हे सांगणे अवघड ठरते. डेक्कन कॉलेजचे डॉ. विश्वास गोगटे यांनी क्ष-किरण विवर्तनाच्या साहाय्याने रुलेटेड भांड्यांची माती बंगालमधील चंद्रकेतुगढ-तामलुक परिसराशी जुळते, असे १९९७ मध्ये मांडले. या निष्कर्षावर पुढे चर्चा झाली. तरी गंगेच्या मुखाकडील माती व दख्खनची माती भिन्न असल्यानेच असा प्रश्न विचारणे शक्य झाले, हे ध्यानात घ्यावे.

खरी अडचण चुन्याची आहे. कॅल्साइट हे खनिज साधारणतः ७०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान विघटित होते. खापरात ते आढळल्यास भट्टीचे तापमान कमी होते, असा निष्कर्ष सहज काढला जातो. परंतु आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे मुबलक असतात. पाण्याबरोबर झिरपलेला चुना शतकानुशतके खापराच्या छिद्रांत साचतो आणि उत्तम भाजलेले भांडेही कच्चे भासू लागते. खापराचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास छिद्रांच्या कडेने साचलेला चुना बहुधा ओळखू येतो. केवळ रासायनिक आकडेवारीवर विसंबणाऱ्यास तो दिसत नाही.

यावर उपाय म्हणून खापरे सौम्य आम्लाने धुण्याची पद्धत रूढ आहे. पुट निघते, नक्षी उजळते, छायाचित्रही चांगले येते. पण त्याबरोबर कुंभाराने मातीत मिसळलेला मूळचा चुनाही विरघळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही सफाई नव्हे, पुराव्याचा नाश आहे.

सातारा-सांगली भागात याला आणखी एक पदर आहे. उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्यामुळे कृष्णाकाठच्या काही जमिनी क्षारपड झाल्या आहेत. अशा जमिनीतील खापर ओले असेपर्यंत धड दिसते. बाहेर काढून वाळवले की आतील क्षारांचे स्फटिक बनतात व वरचा लेप पापुद्र्याने सुटतो. त्यामुळे अशी खापरे उन्हात न वाळवता प्रथम साध्या व नंतर ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून क्षार काढावेत. तत्पूर्वी प्रत्येक थरातील काही खापरे, सभोवतालच्या मातीच्या नमुन्यासह, न धुता विश्लेषणासाठी राखून ठेवावीत.